पाणी बसलं

दि. २ सप्टेंबर

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. परत काम बदललं. आता गोदीत जहाजांचा गंज खरवडतो. नाक शिंकरलं की लाल पाणी येतं, पण पगार वेळेवर आहे. बाबांना सांगू नकोस, यंदाचं तिसरं म्हणतील.

मुख्य काम झालं. आपल्या खालच्या आळीचा अर्ज बंदर-कचेरीत दिला. बाबांनी सांगितलेला, तू लिहिलेला, तसाच्या तसा: यंदा पाणी तीनदा बसलं, सतराही घरांत बसलं, तरी सरकारने लक्ष द्यावं. कारकून वाचून हसला, छान छान म्हणाला, शिक्का मारला. म्हणजे उधाणाआधी मोठी नाव येणार आणि आळी हलणार.

इथे माझ्या बोलण्याला हसतात. मी त्यांना बेटावरच्या जुन्या, बुडालेल्या आळीची गोष्ट सांगितली. ओहोटीला काळ्या खडकांपलीकडे तिचे उंबरठे दिसतात. तिथली एक बाई दारात येऊन पाणी चढलं म्हणून ओरडली, पाण्याला वाटलं आपल्यालाच हाक आली. तेव्हापासून बेटावर तो शब्द कुणी काढत नाही, बसलं म्हणतात. सगळे खूप हसले. मग दोघं जण उठून नळ बंद आहे का बघून आले.

लोभ आहे, तो असाच मुरू दे.
तुझा, भिंगरी

दि. ९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांना सगळं कळलं. टपालवाल्याने पाकिटावरचा नवा पत्ता दारातूनच मोठ्याने वाचला. एका जागी बूड टेकत नाही म्हणून तुझा उद्धार झाला.

नाव आली नाही रे. आळी गाठोडी बांधून बसली आहे. सुतारिणीने तर तवाही बांधला, आता तिचं घर आमच्या चुलीवर जेवतं. काल पाणी चौथ्यांदा बसलं, या वेळी खिडकीपर्यंत. आवाज म्हणून नाही. गेलं तेव्हा सगळं जागच्या जागी, मिठाचा डबा तेवढा रिकामा. बाबांनी चाळीस वर्षं होडी हाकली, पण इतकं गप्प पाणी पाहिलं नाही म्हणतात.

पंचवीसला अमावस्या, त्या उधाणात आळी राहायची नाही. कचेरीत परत जा. त्या कारकुनाच्या हसण्यावर जाऊ नकोस.

जिवाला जप.
ताई

दि. १३ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

घोळ झाला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला. कारकुनाने अर्ज काढून दाखवला. वर लाल शाईत लिहिलंय: पाणी ओसरले, कार्यवाहीची गरज नाही. मी त्याच्यावर धावून गेलो. तो म्हणाला, सूज बसते, धूळ बसते, तसं पाणी बसलं, तुम्हीच लिहिलंय. सतराही घरांत बसलं म्हणून त्याला बरं वाटलं होतं म्हणे! चार वर्षं या लोकांत राहून हे मला सुचू नये?

आता नवा अर्ज हवा. त्यात तो शब्द उघडा हवा, आणि आळीतल्या सर्वांत वडील माणसाचा अंगठा. म्हणजे बाबांचाच. अर्ज सोबत लिहून पाठवतोय. मागे गोष्टीत लिहिलं तेव्हा काही वाटलं नाही, पण अर्जात चढलं लिहिताना हात थांबला, खोलीत कुणी नाही बघून लिहिलं. बाबा ऐकणार नसतील तर वाचू नकोस, नुसता अंगठा घे. पाप माझ्या माथी.

उलट टपाली धाड.
भिंगरी

दि. २४ सप्टेंबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

अर्ज धाडला तेव्हा सोबत लिहायला उसंत नव्हती. बाबांना फसवणं मला जमलं नाही. मोठ्याने वाचून दाखवला. त्या शब्दाला त्यांनी डोळे मिटले. मग सतरा घरं आहेत एवढंच म्हणाले आणि स्वतःच अंगठा पुढे केला.

नाव आज आली. सोळा घरं तिच्यात बसली. बाबा येत नाहीत. तो शब्द आपल्या घरात वाचला, म्हणजे हाक आपल्या घरातून गेली, तेव्हा पाणी पाहुणा होऊन आपल्याच दारी येणार. दार बंद दिसलं तर तो नावेमागे जाईल, असं त्यांचं म्हणणं. चौघांनी उचलायला धरलं तर त्यांनी चौकट सोडली नाही. मी पाया पडले, शिव्याही घातल्या. नावाडी आता थांबत नाही, हे पत्र त्याच्याच हाती देते आहे.

पुढच्या खोलीत बाबांनी दोन खुर्च्या मांडल्या आहेत. एक स्वतःला, एक त्याला. मी आतून तिसरी आणते आहे.

लोभ होता तसाच ठेव.
ताई