बोरहानचे केस

मुआर,
शुक्रवार, ९ ऑगस्ट २०१९

प्रिय बोरहान,

सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तसाच तूही असशील. माझ्या आईचे, आपल्या माकचे, गुडघे धरले आहेत, पण न्याहारीला निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या, सातेच्या, दहा काड्या तिला अजून लागतात. दुकान बरं चाललं आहे. माझे वडील, अबाह, गेले त्याला परवा चार महिने होतील. तुला यायला जमलं नाही, पण तुझा निरोप पोचला होता.

आणि आपल्या बँडचं पोस्टरही पोचलं. ‘बेलियुंग : सत्तावीस वर्षांनी पुन्हा एकत्र.’ आपल्या गिटारवाल्या कासिमने ते थेट दुकानाच्या आरशावर चिकटवलं, त्यामुळे दाढीला बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तुझं तोंड बघतं. पोस्टरवर तुझे केस कमरेपर्यंत आहेत. शेजारचा चहावाला पाक उदा चष्मा लावून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “अरे, हा तर टकला झाला होता ना? मग हे डोक्यावर काय घेऊन बसलाय, मांजर?” सगळं दुकान हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

तू लिहितोस, ‘झालं गेलं विसर, लातिफ, ड्रमवर तूच पाहिजेस.’ विसरायला माझी ना नाही. पण काय काय विसरायचं, तेवढं सांग.

भातगिरणीच्या गोदामातल्या तालमी विसरू? माझ्याकडे ड्रम नव्हते. माकचे बिस्किटांचे पत्र्याचे डबे उपडे घालून मी बडवायचो आणि गिरणीवाला ओरडायचा, “पोरांनो, तांदळाला किडे लागतील!” बातू पाहातच्या जत्रेत भर दुपारी जनरेटर बसला, तेव्हा तू तसाच गात राहिलास, मी तसाच वाजवत राहिलो आणि सगळं मैदान आपल्याबरोबर ओरडत होतं, ते विसरू? आपण लोकांच्या कानठळ्या बसवायला निघालो होतो आणि कॅसेट खपली ती ‘नदीपलीकडे’ या एका रडक्या गाण्यावर. कासिम चिडला होता. तू म्हणालास, “रडू दे रे त्यांना. रडून झाल्यावर दुसरी बाजू लावतील.” लावलीही. दोन वर्षं या देशात आपली कॅसेट वाजवत नाही अशी बस नव्हती.

मग सरकारचं फर्मान निघालं की लांब केसवाल्यांनी टीव्हीवर दिसायचं नाही. आपण पाचही जणांनी माझ्या ड्रमवर हात ठेवून शपथ घेतली होती. कात्री लागली तर पाचांना, नाहीतर कुणालाच नाही. शब्द तुझेच होते.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, पाक उदाच्या टपरीवर आम्ही टीव्ही बघत होतो. तू दिसलास. भांग पाडलेला, मान उघडी, बँकेतल्या कारकुनासारखा. ‘नदीपलीकडे’च गात होतास आणि मागे माझ्या जागी टाय लावलेला कुणीतरी बसला होता. कासिमने हातातला ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर बेलियुंगची तालीम झालीच नाही. तुझ्या एकट्याच्या कॅसेटी निघत राहिल्या. मी अबाहांच्या दुकानात कात्री धरली.

हे तुला माहीत आहे. मी नुसता पत्र लांबवतो आहे.

त्या दुपारी अबाह माझ्या शेजारी होते. टीव्हीकडे बघून ते म्हणाले, “डाव्या कानामागे जरा जास्त उतरलंय.” मला वाटलं, न्हाव्याची नजर, दुसरं काय दिसणार. रागात मी त्यांच्यावरही खेकसलो.

मागच्या आठवड्यात त्यांची मांडणी आवरायला काढली. सगळ्यात वर माझा एक जुना, पोचे पडलेला बिस्किटांचा डबा होता. आत लाल दोऱ्याने बांधलेले हातभर लांब केस आणि एक चिठ्ठी. अबाहांच्या अरबी वळणाच्या जावी अक्षरात दोनच ओळी : ‘बोरहान, गुरुवार. पुढच्या गुरुवारी लातिफला आणतो म्हणाला.’

मी माकसमोर डबा ठेवला. तिने केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “मागच्या दाराने आला होता रे तो. रडत होता. म्हणाला, आधी मी जातो, टीव्हीवाल्यांत शिरलो की लातिफला ओढून घेतो, तोवर त्याला सांगू नका. तुझ्या अबाहांना वाटलं, पोराचं भलं होतंय.”

“आणि मग?”

“मग काय? दर गुरुवारी पांढरं कापड इस्त्री करून खुर्चीवर टाकायचे. वर्षभर. तू विचारलंस तर म्हणायचे, गिऱ्हाईक यायचंय.”

मी विचारलं होतं, बोरहान. त्यांनी तेच उत्तर दिलं होतं.

तू मला फसवलंस, ते मी कधीच पचवलं. पण गळा केसाने कापायचा, तोही माझ्याच बापाच्या हातून, आणि त्या म्हाताऱ्याला वाट बघत बसवायचं? मला फार लागलं. आणि त्यांचाही राग येतो. तुझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि मला मात्र विचारलं नाही. आता भांडायला ते नाहीत.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मी शपथ मोडली नव्हती. सत्तावीस वर्षं गावाचे केस कापले, स्वतःचे नाही. मुआरमध्ये वेणी घालणारा न्हावी मी एकटाच. पोरं चिडवायची आणि अबाह नुसते बघत राहायचे. तेव्हा वाटायचं, त्यांना माझी लाज वाटते.

काल गुरुवार होता. मी ते कापड इस्त्री केलं आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. माकने कापले. तिला कात्रीची सवय नाही, त्यामुळे मागून पायऱ्या पायऱ्या झाल्या आहेत. तिने आरसा धरला आणि म्हणाली, “बघ, झाला ना यांचा गुरुवार.” मग आम्ही दोघंही रडलो.

डबा सोबत पाठवतो आहे. त्यात फक्त तुझे केस आहेत, अजून काळेभोर. खोटे केस बनवणाऱ्याला दे, पोस्टरला शोभतील. माझे पाठवत नाही. ते अबाहांचे आहेत.

ड्रमवर दुसरा कुणी बघ. तो टायवाला असेल अजून. पोस्टरवरचं माझं नाव मी वस्तऱ्याने खरवडून काढलं आहे, तुझं तोंड राहू दिलं आहे.

पाक ताहिर न्हाव्याचा मुलगा,
लातिफ