सकाळची एकच चावी

३ नोव्हेंबर, सोमवार

मेली! गाडी हो. चावी मारली, घुर्र घुर्र, दोनदा खोकली आणि ठप्प. आता उद्या सकाळपर्यंत हात चोळत बसा! थंड इंजिनाची चावी दिवसातून एकदाच. मिनिटभर खोकत चाललं तरी ते कोमट होतं, आणि पुन्हा पूर्ण गार व्हायला अख्खी रात्र लागते.

बाकी सगळं झालंय. सासऱ्यांच्या जुन्या गाडीतलं मेलेलं इंजिन काढून वस्तादने — गॅरेजवाल्याला सगळे वस्तादच म्हणतात — एका चेपलेल्या मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन बसवलं. बोनेट लागावं म्हणून त्याने केवढ्या शिव्या घातल्या! इंजिनाचा कॉम्प्युटर माझ्याकडे. किती गरम असताना किती पेट्रोल, किती हवा, हे सगळं त्याला आकड्यांत भरवावं लागतं. दिवसभर ऑफिसात लिफ्टच्या कॉम्प्युटरला शहाणपण शिकवायचं, घरी आलं की गाडीला. तापल्यावरचे आकडे झकास जमलेत. नवरोबा शेजारी बसला की दाराचं हँडल सोडत नाही. थंडीतले जमत नाहीयेत.

आज जेवताना नवरोबाचा हुकूम आला. "तेवीस तारखेला, रविवारी, भंगारवाला ट्रक घेऊन येतोय. तोवर सकाळी माझ्यासमोर सुरू करून दाखव. ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या चावीवर. जगातल्या सगळ्या गाड्या होतात तशी. नाहीतर ती गेली."

"द्या टाकून," सासूबाई ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या. "भंगारच ती."

चला. म्हणजे या घरात त्या गाडीची मी एकटीच.

४ नोव्हेंबर

मेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन सेकंद चालली. मग मेली. पेट्रोल वाढवलं.

संध्याकाळी सासूबाईंचा बहिणीला फोन. रोजचाच, आणि रोज स्पीकरवर. थोरल्या बहिणीचं, म्हणजे मावशींचं घर घाटापलीकडे. बस दोनदा बदलावी लागते, आणि सासूबाईंचे गुडघे बसच्या पायरीवर संप पुकारतात.

"कधी येतेस गं?"

"कोण आणणार मला?"

नवरोबा टीव्हीवरून मान न वळवता म्हणतो, "पुढच्या रविवारी नेतो गं आई." पुढचा रविवार हा नवरोबाचा लाडका वार. सासरे गेल्यापासून दोन वर्षं येतोच आहे!

८ नोव्हेंबर, शनिवार

मेली. उरलेल्या दिवसाचं काय करायचं म्हणून दुपारी दहादा चावी मारून कशीबशी सुरू केली आणि सासूबाईंना फिरवून आणलं. पर्स मांडीवर घट्ट, पाठ ताठ. नदीकडच्या सरळ रस्त्यावर मी दाबली. टर्बोने शिट्टी मारली, सासूबाई सीटला चिकटल्या. आता आपली खैर नाही, मला वाटलं. त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "ह्यांनी एवढी कधी पळवली नाही."

घरी आल्यावर मुलाला मात्र — "भंगार! कमरेचा खुळखुळा झाला माझ्या."

१० नोव्हेंबर, सोमवार

सुरू झाली!! पहिल्या फटक्यात! मी एकटीच पार्किंगमध्ये नाचले. माझ्यासारखी हुशार बाई या गल्लीत दुसरी नाही.

मग लॅपटॉप बघितला. कॉम्प्युटर म्हणतो इंजिन अठ्ठावन्न अंश. सकाळी सात वाजता! रात्रभर उभी असलेली गाडी! मला स्वेटर घालून हुडहुडी, आणि हिला ताप?

तापमानाचा सेन्सर खोटारडा आहे. दुसरं काय असणार.

११ नोव्हेंबर

छप्पन्न. वस्तादकडून नवा सेन्सर आणला आणि बसवला. सीट कुणीतरी एवढी पुढे ओढून ठेवली होती की बसताना गुडघे स्टिअरिंगवर आपटले. वस्तादच वायरी बघायला वाकला असणार. माणसाला वस्तू जागच्या जागी ठेवायची अक्कल नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकसष्ट! नवा सेन्सर त्याहून खोटारडा.

वरच्या मजल्यावरचे खिडकीकाका आज खिडकीतून जवळजवळ बाहेर आले. "अहो बाई, दिवसातून एकदा छळा ना! रोज दोनदा कशाला? एकदा पहाटे, एकदा सातला!" मी म्हटलं, काका, मी सातलाच येते. "मग पहाटे काय तुमचं भूत येतं?" वय झालं की झोपेत कायकाय ऐकू येतं. नवऱ्याचं घोरणं नको म्हणून मी कानात बोळे घालून झोपते. काकांनाही नेऊन देते दोन.

पेट्रोलही जास्त पितेय. कळत नाही.

१३ नोव्हेंबर

सेन्सर ऐकत नाही ना? मग कॉम्प्युटरलाच पढवलं. अठ्ठावन्न दिसलं की अठरा समज. विषय संपला. कधीकधी माझीच मला दृष्ट लागेल असं वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लाज! लाज! लाज!

संध्याकाळी ऑफिसातून निघाले. गाडी रस्त्यावर तापली, खरीखुरी अठ्ठावन्नवर आली. कॉम्प्युटरला वाटलं, अरे बापरे, केवढी थंडी! आणि ओतलं पेट्रोल. मागून काळा धूर, असा की मागचा स्कूटरवाला त्यात दिसेनासा झाला. चौकात गाडी बंद. प्लग पेट्रोलने चिंब. वाहतूक पोलीस वाकून म्हणाला, "मॅडम, कोळशावर चालवता का?"

वस्तादने ओढून नेली, प्लग पुसून दिले. कापडाने हात पुसत माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, एक विचारू? राग नका मानू. सकाळी इंजिनाला कधी हात लावून बघितलात?"

मी कशाला हात लावू? मी लॅपटॉप बघते! असं मनात म्हटलं. त्याला म्हटलं, "हो हो, लावला ना."

१५ नोव्हेंबर, शनिवार

हात लावला. पोळला!

कॉम्प्युटर खरं बोलत होता. दोन्ही सेन्सर खरं बोलत होते. अख्ख्या घरात त्या वायरीच तेवढ्या सज्जन, आणि मी आठवडाभर त्यांनाच खोटं पाडत बसले. पढवलेलं सगळं पुसून टाकलं.

पण मग माझ्याआधी गाडी चालवतंय कोण? नवरोबाला आडून आडून विचारलं. त्याने एक डोळा उघडला, "चहा झाला का?" म्हणाला आणि मिटला. हा नाही. नाकाखाली कप धरल्याशिवाय हा माणूस जिवंत होत नाही. चावी तर स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते.

चोर! पण चोर गाडी परत का आणून लावेल? आणि तीसुद्धा माझ्यापेक्षा सरळ?

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहिताना अजून पोट दुखतंय. हसून.

काल रविवार असूनही इंजिन गरम. म्हणून आज अंधार असतानाच खाली गेले, माझ्याकडच्या दुसऱ्या चावीने गाडी उघडली आणि मागच्या सीटवर आडवी झाले. अंगावर चादर, हातात पाना. आला की हाणायचाच. आणि मग, मूर्ख बाई, मला झोप लागली!

जाग आली तेव्हा गाडी पळत होती. चोर गुणगुणत होता. गाणं ओळखीचं, बेसूरपण तर फारच ओळखीचं. चादरीतून एक डोळा बाहेर काढला. पुढे अंबाडा, पाठीमागे दिवाणखान्यातली उशी. सासूबाई!

मी चिडीचूप. दचकल्या तर खांबात जातील. पडल्यापडल्या बघत होते. गिअर कसले टाकत होत्या! कुठे खडखड नाही, धक्का नाही. माझ्या नवऱ्याला हे सात जन्मांत जमणार नाही. पण शिंक कुणाच्या बापाचं ऐकते?

कचकन ब्रेक. "कोण आहे मेलं!" आणि पर्स थेट माझ्या टाळक्यात.

"आई, मी! मी!"

"तू? चोरासारखी मागे काय करतेस?"

"चोरासारखी मी?"

आधी त्या हसल्या. मग मला आवरेना. रस्त्याच्या कडेला, गाडी चालू, दोघी पोट धरून.

मी विचारलं, लायसन्स? त्यांनी पर्समधून काढून नाकासमोर धरलं. "लग्नाच्या आधीचं. मुदत संपली की नवं करून आणते. ह्यांना सांगायचे, ओळखपत्र म्हणून लागतं."

"मग चालवली का नाहीत कधी?"

"एकदा मागितली होती चावी. हे म्हणाले, तुला कुठे जायचंय? मला चटकन उत्तर सुचलं नाही गं. मग पुन्हा मागितलीच नाही."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, मला आला.

"मग भंगार, भंगार काय लावलंय?"

"नको विकूस म्हटलं असतं तर तुझ्या नवऱ्याने विचारलं असतं, का. त्या का-ला उत्तरं देत बसायचं वय नाही माझं."

सरळ रस्त्यावर मी टर्बो दाखवला त्याच दिवशी त्यांचं ठरलं. रोज पहाटे पुलापर्यंत जायचं आणि परत. पुलाच्या पुढे का नाही? "पुढे घाट. घाटापलीकडे अजून गारठा. तिकडे सकाळी हिने नखरे केले तर मी काय करू? ताईचं ऐंशी वय, ती धक्का मारणार?"

बरोबर. मावशी. एवढं कळायला मला टाळक्यात पर्स बसावी लागली.

"पण थंड असताना तुमच्यासाठी सुरू कशी होते? मला तर दाद देत नाही."

"जरासा पाय दाबून धरते. घसा मोकळा झाला की सोडते. पण गुडघा ठणकतो."

पाय! पाय लावायचा नाही अशी नवऱ्याची अट, आणि माझा तोरा त्याहून मोठा, म्हणून मी कधी लावून बघितलाच नाही. पाय दाबला म्हणजे हवा वाढली. हवा कमी पडत होती! आणि मी आठवडाभर पेट्रोल ओततेय. पान्याने खरं तर मलाच हाणायला हवं.

१८ नोव्हेंबर

पहाटे दोघी. सासूबाई चावीला, मी लॅपटॉपला. हवा वाढवली. दहा सेकंद! मग मेली. सासूबाई तिला म्हणाल्या, "असं काय करतेस बाई." मग पाय लावून सुरू केली आणि आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. पुलावर त्या थोडा वेळ पलीकडे बघत बसल्या.

नाश्त्याला नवरोबा — "काय मग, भंगाराची तयारी?" सासूबाई — "ट्रक मोठा आणायला सांग हो." मला ठसका लागला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वीस सेकंद. मग धडधडून मेली. खिडकीकाका वरून, "सुधारणा आहे."

२१ नोव्हेंबर

मिनिटभर चालली! आता पेट्रोल जास्त होतंय, धुराला वास आहे. आधी ओतलेलं काढून घ्यायला हवं. किती? थोडं. थोडं म्हणजे किती? इथेच तर सगळं अडतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काढलं, पण जास्त काढलं. चार सेकंदांत मेली. उद्या ट्रक, आणि आज मी पुन्हा पहिल्या सोमवारच्या जागी! पार्किंगमध्ये बसकण मारून रडले. गाडीसाठी कोण रडतं? मी रडते. गाडीसाठीच नव्हे म्हणा.

नवऱ्याशी भांडले. एक आठवडा दे म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द," म्हणाला. दोन वर्षं पुढचे रविवार वाटणारा माणूस! हे मी तोंडावर म्हटलं. तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला. आत्ता खोटं कशाला लिहू, त्याचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी दोन दिवसांच्या आकड्यांच्या मधला आकडा घातला. बास, आणखी काही सुचत नाही. तपासायला एकच चावी उरली, उद्याची. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"झालं का?"

"घातलाय आकडा. लागेल की नाही, देव जाणे."

"उद्या तू झोप हो," त्या म्हणाल्या. "दमलीस. मी उठवते तुला सातला."

२३ नोव्हेंबर, रविवार

कुणी उठवलं नाही. ट्रकच्या हॉर्नने उठले.

गाडी नाही! जमिनीवर तेलाचे दोन ठिपके. खिळ्यावर चावी नाही, दिवाणखान्यात उशी नाही, सासूबाईंच्या खोलीत सासूबाई नाहीत. नवरोबा अनवाणी रस्त्यावर, "चोरी! चोरी झाली!" भंगारवाला आपला चहा मिळेल का बघतोय. खिडकीकाका वरून शांतपणे, "आज एकदाच सुरू झाली. आवाज छान होता."

तेवढ्यात फोन. मी स्पीकरवर टाकला. मागे मावशी खिदळत होत्या.

"ऐकतेस ना गं? पाय नाही लावला. नुसती चावी. पहिल्या फटक्यात! घाटात तर शिट्टी मारत आली."

मी भर रस्त्यात भंगारवाल्याला मिठी मारणार होते. नवऱ्याने फोन हिसकावला.

"आई! अगं, सांगायचंस तरी! परत कधी येणार आहेस?"

"बघू रे," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी."