ओव्हनची काच

माय, मी आज सकाळपासून तुझ्यावर चिडलेली आहे. तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि गेलेल्या माणसावर चिडून काही उपयोग नसतो, एवढं मला कळतं. पण तू समोर असतीस तरी कुठं भांडली असतीस? पदरानं तोंड पुसून "बरं बाई" म्हणाली असतीस आणि मी एकटीच बडबडत बसले असते. तेव्हा तुझ्या असण्या-नसण्यानं या भांडणात फारसा फरक पडत नाही.

निमित्त ओव्हनचं आहे. आपल्या जुन्या ओव्हनचं नव्हे, तो केव्हाच भंगारात गेला. हा सुनेचा. तू तिला पाहिलेलं नाहीस, तुझा नातू तेव्हा शाळेत होता. त्यानं लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तिला हा ओव्हन आणून दिला आणि तेव्हापासून तो ओट्यावर मिक्सरशेजारी ठाण मांडून बसला आहे. पोरीला करायची हौस दांडगी. पिझ्झा काय, पनीर काय, परवा तर वांगं भाजून भरीत केलं, तेही चांगलं झालं. पण पुसायचं नाव नको. चीज वितळून खालच्या रॉडवर गळतं, पुढच्या वेळी ते जळतं, घरभर धूर होतो आणि सगळे मिळून खिडक्या उघडत सुटतात. तळाशी चुरा पडायला एक ट्रे असतो आणि तो ओढला की बाहेर येतो, ही गोष्ट या घरात फक्त मला माहीत आहे असं दिसतं. मागच्या आठवड्यात मी तो ओढला तर त्यात बोटभर काळा चुरा आणि कोळसा झालेला एक अख्खा काजू निघाला. तीनदा सांगून झालं की गार झाल्यावर पिन काढायची, ट्रे झटकायचा, आतून पुसून घ्यायचं. दर वेळी "हो आई" म्हणते. ती मला आई म्हणते, आणि तिचं "हो आई" ऐकलं की मला तुझं "बरं बाई" आठवतं आणि डोकं आणखीच तापतं.

तर आज रविवार. मी भाजी घेऊन आले, पिशव्या अजून हातात, आणि बघते तर ओव्हनचं दार सताड उघडं आणि आतून सगळा पांढराफटक. भिंतींना, तळाला, दाराच्या आतल्या बाजूला जाड लेप दिलेला. माझा आवाज चढला. हे काय लिंपून ठेवलंस म्हणाले, चालू मशीन आहे ते, त्याला काय सारवायचं असतं का? तिनं घाईघाईनं मोबाइल पुढं केला. त्यात एक बाई खायचा सोडा पाण्यात कालवून असाच ओव्हन लिंपत होती. चार-पाच तास वाळू द्यायचा, मग ओल्या फडक्यानं पुसून काढायचा, जळकं तूपतेल त्याच्यासोबत निघून येतं म्हणे. माझा चेहरा बघून सून घाबरली असावी. हळूच म्हणाली, "रॉडला नाही लावलं हं, आई. ते सोडून लावलंय."

मी पिशव्या तिथंच ठेवल्या आणि खुर्चीवर बसले. तिला वाटलं मला उन्हाची चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. चक्कर कसली? हेच वाक्य मी वीस वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी तुझ्या तोंडून अर्धं ऐकलं होतं. अर्धं, कारण मी तुला ते पुरं करू दिलं नव्हतं. लेप वाळायला दुपार होणार आहे. तोवर मी टेबलाशी कागद घेऊन बसले आहे, आणि सून भाजी निवडता निवडता माझ्याकडे संशयानं बघते आहे.

तो ओव्हन ह्यांनी नांदेडहून आणला होता, आठवतं? आमच्या गल्लीतला पहिला. त्याआधी दिवाळीला नानकटाई करायची म्हणजे मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या माणसाकडून मळून घ्यायचं आणि आपला डबा दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून भट्टीपाशी तासन्‌तास बसून राहायचं. ओव्हन आल्यावर ते सगळं सुटलं म्हणून मी कोण खूश होते. ऑफिसात तर इतकं सांगून झालं होतं की शेवटी बरोबरीच्या तिघी जणी म्हणाल्या, येतोच आम्ही एकदा तुझी नानकटाई खायला.

तू नेहमीसारखी दिवाळीच्या आठ दिवस आधी पुसेगावहून आली होतीस. एका पिशवीत लाह्या, एकीत तुरीची डाळ आणि एकीत राख. गावाकडून लेकीच्या घरी चाळलेली राख घेऊन येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भांड्याच्या पावडरीवर तुझा भरवसाच नव्हता. आणि चुलीवर कुठलंही भांडं चढवायच्या आधी त्याच्या बुडाला ओल्या राखेचा हात फिरवायचा, ही तुझी जन्माची सवय. काजळी राखेवर बसते, भांड्याला लागत नाही, एका हातानं धुऊन निघतं. लहानपणी मीच तुला राख कालवून द्यायचे. पण माझ्याकडे गॅस होता, काजळीचं नावच नव्हतं, तरी तू माझ्या पातेल्यांची बुडं राखाडी करून ठेवायचीस आणि मी ती खरवडत तुझ्या नावानं बोटं मोडायचे.

त्या दिवशी मी ऑफिसला जाताना तुला बजावलं होतं, ओव्हनला हात लावू नको. लावलासच. सकाळी मी एक घाणा काढला होता, त्याचं तूप उडून आतल्या भिंतींना डाग पडले होते. तू ते पाहिलंस, चिंधीनं पुसलंस, आणि मग आतून सगळीकडे ओल्या राखेचा हात दिलास. नीट, एकसारखा, जसा तू पातेल्याला द्यायचीस तसा. दारही लावून ठेवलंस. संध्याकाळी मी आले ती त्या तिघींना घेऊनच. त्यांना पुढच्या खोलीत बसवलं, आत येऊन न बघताच ओव्हन तापायला लावला, ट्रे भरला आणि दार उघडलं तर आत सगळं राखाडी. तापून पोपडे सुटलेले, खाली गळून पडत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुण्या बसलेल्या, पीठ मळून तयार, आणि माझ्या नव्याकोऱ्या ओव्हनची तू चूल करून ठेवलेली.

"म्हणलं तूप चिकटून राहिलं, उद्या तुला घासायची तकलीफ नको," तू म्हणालीस. "भांड्याला लावतो तसंच लावलं. त्या दांड्याला न्हाई..."

तिथं मी तुला तोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. येडी झालीस का, हे खेड्यातलं इथं चालत नाही, कधी काही शिकणार आहेस का, असलं सगळं. पुढच्या खोलीत तिघी गप्प झाल्या होत्या, म्हणजे सगळं ऐकू जात होतं, आणि ते कळत असूनही मी थांबले नाही. तू ओट्याला टेकून उभी होतीस, तुझ्या नखांत राख होती. आज लिहिताना ती नखं मला स्पष्ट दिसतात आणि माझी मलाच शरम वाटते.

आता काच. आपल्या घरात गेली वीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे की ओव्हनची काच तू फोडलीस. नवऱ्याला, मुलाला, नणंदेला, ऑफिसातल्या त्या तिघींना. पण झालं असं, की मी रागाच्या भरात मोरीतलं फडकं उचललं, पाण्यात बुडवलं, आणि राख पुसायला म्हणून दाराच्या तापलेल्या काचेवर दाबलं. टक् असा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत एक रेघ गेली, मग दुसरी. फडकं माझ्या हातात होतं. तू चार हात लांब होतीस.

तेवढ्यात हे घरी आले होते, तो आवाज ऐकून ते आत आले आणि काय झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू पुढं झालीस आणि माझ्या हातातलं फडकं घेतलंस. "माझ्या हातून झालं, जावईबापू. ओलं फडकं म्या लावलं."

कुणी विचारलं होतं तुला? काहून बोललीस? मला त्या क्षणाचा जितका राग आहे तितका दुसऱ्या कशाचाच नाही. मी सांगितलं असतं. निदान सांगितलं असतं की नाही, हे तरी मला कळलं असतं. तू ते कळायची वाटच ठेवली नाहीस. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "सांगून गेले होते हिला, हात लावू नको म्हणून." ते खोटं नव्हतं, म्हणून तर जिभेवर इतकं चटकन आलं.

काच नांदेडला मिळाली नाही. ओव्हन माळ्यावर गेला आणि मी परत बेकरीच्या भट्टीपाशी डबा घेऊन बसायला लागले. का हो, ओव्हन घेतला होता ना, असं बायका विचारायच्या आणि मी सांगायचे, आईनं फोडला. ह्यांना तर दर दिवाळीचा विनोदच मिळाला. फराळाला बसलं की म्हणायचे, सासूबाई, विजेच्या वस्तूंपासून जरा लांब. सगळे हसायचे आणि तूही पदर तोंडाला लावून हसायचीस. पण त्यानंतर तू माझ्या स्वयंपाकघरात कशालाच हात लावला नाहीस. आलीस की पुढच्या खोलीत बसायचीस, लसूण सोलायचीस, डाळ निवडायचीस, साधी गॅसची शेगडी पेटवायलाही मला हाक मारायचीस. ज्या बाईनं शेतावर पंचवीस माणसांच्या भाकरी थापल्या ती माझ्या घरात चहासाठी मला विचारायची. राखेची पिशवी आणणंही बंद झालं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

एकदाच मी विषय काढला होता. हिंगोलीच्या बसस्टँडवर, तू परत निघाली होतीस, पुसेगाववरून जाणारी सेनगावची गाडी लागायची होती. मी म्हणाले, माय, त्या दिवशीचं मी ह्यांना सांगून टाकते. तू पिशवीची गाठ आवळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी दोन दिसाची. तुला रोज त्याच ओट्यापाशी उभं ऱ्हायचंय. ऱ्हाऊ दे." मग गाडी लागली, तू खिडकीची जागा धरायला पळालीस, आणि मी तुझं ऐकलं. तुझं मी आयुष्यात फार कमी ऐकलं, पण हे मात्र लगेच ऐकलं. ह्यात मोठेपणा दाखवलास असं तुला वाटलं असेल. मला काय मिळालं ते सांगू का? वीस वर्षं मी ती काच घेऊन फिरते आहे, आणि तुझ्या तेराव्याच्या जेवणात ह्यांनी तोच विनोद डोळे पुसत सांगितला तेव्हा मी पंगतीत वाढत होते.

मध्ये उठले होते. लेप वाळला होता, सून हाक मारायला आली. दोघींनी मिळून पुसला. पिन काढून ठेवली होती का हे मी दोनदा विचारलं, ट्रे मीच ओढला. आणि माय, खरंच निघालं गं सगळं. तपकिरी डाग, जुनं चीज, कोपऱ्यातलं चिकट, फडक्यासोबत सगळं आलं. खाली स्टील चमकायला लागलं. सोडा काय आणि राख काय, हात फिरवायची रीत तुझीच. फरक एवढाच की तू आधी लावायचीस आणि हिनं नंतर लावला. तू लावलेली राख मी नुसती गार होऊ दिली असती आणि पुसली असती, तर तीही अशीच निघाली असती.

मग ओलसरपणा जावा म्हणून दहा मिनिटं रिकामा तापवला. टिंग वाजलं. काचेवर सोड्याची एक पांढरी रेघ राहिली होती, आणि सुनेनं ओलं फडकं उचललं. मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली तिला. गरम काचेला ओलं लावू नको, तडकते, असं मी सांगितलं. ती मनगट चोळत म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत, आई?"

घरात आम्ही दोघीच होतो. हे बाहेर गेले होते, मुलगाही नव्हता. ती तुला ओळखत नाही, माझ्यावर चिडायचं तिला काही कारण नाही, आणि मी इकडे टेबलावर चार पानं लिहून आले होते. याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

"माझ्या आईनं फोडली होती एकदा," मी म्हणाले.