अक्का, तो फुगा कायमचा नव्हता

प्रिय अक्का,

काल तुझा तेरावा झाला. पाहुणे पांगल्यावर तुझ्या सुमीनं विचारलं, "मामा, फुगा केला तवा डॉक्टरनी पुढचं काईच सांगितलं न्हवतं का?"

मी म्हणालो, "न्हाय."

"म्हंजे आईनंच दुखनं अंगावर काढलं," असं म्हणून ती कळंबला निघून गेली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुला नाही तर कुणाला लिहू?

तामलवाडीत नवरीला बांगड्या भराव्यात त्या तूच. पण पंगत बसायच्या आत पेटी उचलून निघायचीस. बाईला लई गर्व, म्हणायचे लोक. त्यांना काय ठाऊक, तुझा घास छातीतच अडायचा, प्यालेलं पाणीही उलटून यायचं! पार वाळलीस, तेव्हा तुला सोलापूरला नेलं. अन्ननळीचं खालचं तोंड उघडतच नव्हतं. तोंडातून नळी घालून, आत फुगा फुगवून त्यांनी ते ताणलं.

बाहेर आल्या आल्या माझा हात घट्ट धरलास. "बाळू, मरंन पन परत ती नळी नको रं!"

आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता चांगलं जेवतील. पण हे कायमचं धरू नका. काही वर्षांनी परत आवळू शकतं. मग पुन्हा फुगा, नाहीतर ऑपरेशन. दरवर्षी दाखवत जा."

एसटीत तू विचारलंस, "काय म्हनले रं?"

"बरी झालीस म्हनले."

एवढंच बोललो मी. का गं बोललो असं?

पुढं तू भाकरी खाल्लीस. "उतरलं की रं! काईच अडलं न्हाय!" म्हणत रडलीस. सहा वर्षं पंगतीत मांडी घालून जेवलीस. त्या तोंडाला दवाखान्याचं नाव कसं सांगायचं? या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत राहिलो.

मग परत घासाघासाला पाण्याचा तांब्या लागू लागला. उशाला दोन उशा आल्या. खोकला लागला. पाटलांच्या लग्नात पंगतीआधीच पेटी घेऊन माझ्या शेजारून गेलीस. मला कळलं होतं, अक्का! त्याच क्षणी कळलं होतं! तरी मी तोंड उघडलं नाही. आणि तू तरी का लपवलंस? एकदा म्हणायचं होतंस, बाळू, परत अडतंय रं!

अन्ननळीत साचलेलं फुप्फुसात उतरलं, न्यूमोनिया झाला. "आधी का आणलं नाही? परत फुगा करता आला असता," डॉक्टर म्हणाले.

आत्ताच सुमीला फोन केला. "उद्या पहिल्या गाडीनं येतोय."

"कशाला मामा? कालच तर भेटलो."

"बोलायचंय."

तुला शब्द देतो, अक्का. तिच्या घरात टेकायच्या आधी, दारातच सगळं सांगीन. तुमचं तोंड बघायचं नाही म्हणाली, तर तसाच माघारी येईन. पण आईनं दुखणं अंगावर काढलं, हे तिच्या मनात एक दिवसही जास्त राहू देणार नाही. ते मी काढलं, तुझ्या अंगावर.

तुझा,
बाळू