तिरकी खाच सरळ करण्याबाबत

मी, आइली कंगास, वय अडुसष्ट, राहणार फिचबर्ग, मॅसॅच्युसेट्स, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, परवा आमच्या संगणक कंपनीच्या भागधारकांची सभा. निम्म्याहून अधिक शेअर माझ्या नावावर आहेत. मी परतले नाही तर ते कोणाकडे जावेत, हे आजच ठरले पाहिजे.

१. माझे पती एइनो फेब्रुवारीत गेले. आमच्या संगणकाच्या चिपा, तारा, पत्र्याची पेटी, अगदी स्क्रूसुद्धा त्यांनी एकाच छपराखाली बनवले. सुरुवातीला बाहेर फारसे काही मिळतच नव्हते. आता मिळते, तेही स्वस्त. मुलगी इर्मा सांगत होती, "बाबा, ज्याला जे चांगलं जमतं ते त्याच्याकडून घ्या. सगळंच आपण करत बसलो तर सगळ्यातच मागे पडू." हे म्हणाले, "परक्याचा तुकडा माझ्या यंत्रात बसणार नाही." इर्मा वेगळी झाली, कोणाच्याही यंत्राला चालतील असे मेमरी बोर्ड बनवू लागली. तेव्हा तिचे बोर्ड बसू नयेत म्हणून यांनी आमच्या यंत्रातली बोर्डाची खाच तिरकी करून घेतली. मुद्दाम. त्यानंतर बापलेक बोलले नाहीत.

२. तळ्याकाठची सॉना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, आणि कंपनीचा पत्र्याचा विभाग दीर रायनो यांना. पेट्या त्यांनी इतर कंपन्यांनाही विकाव्यात. काल ते ओरडले, "दादाला जाऊन वर्ष नाही झालं आणि कारखान्याचे तुकडे करताय, वहिनी? उद्या घरी भाजायचा काळा पावसुद्धा बाजारातून आणाल!"

"दोन वर्षं तोच आणतेय, भाऊजी. रविवारी तुम्ही तीनदा मागून घेतलात."

ते हसले नाहीत.

३. माझे सर्व शेअर इर्माला. परवाचे मतही तिचेच. आहोत तसेच राहिलो तर कारखाना पुढचा उन्हाळा पाहणार नाही, आणि अर्ध्या गावाची चूल त्यावर आहे. अट एकच: खाच सरळ करावी आणि तिचे माप मागेल त्याला फुकट द्यावे.

४. एइनोंना हे पटले नसते. मला ठाऊक आहे. तरी मला त्यांच्या शेजारीच पुरावे. काय ते त्यांच्याशी मी बोलेन.

५. रायनो आत्ता दार ठोठावत आहेत. सह्या झाल्यावरच उघडावे. मग त्यांना कॉफी द्यावी.

सही: आइली कंगास

आमच्यासमोर सही झाली:
हिल्मा नीमी, शेजारीण
रॉबर्ट थिबोडो, औषधविक्रेते

फिचबर्ग, ९ सप्टेंबर १९८६