सोयऱ्यांच्या छातीवरचा मजकूर

कमठाणा, ता. बीदर
गुरुवार, ३ मे १९९०

ती. बाबूलालमामा यांस विशाखाचा सविनय जयभीम.

आधी घडलेलं लिहिते, खुशाली मागून विचारते.

१. शोभाच्या साखरपुड्याला तुम्हांला रजा मिळाली नाही.
२. सोयऱ्यांना आहेर म्हणून टॉवेल-टोपीऐवजी तुम्ही मुंबईहून बनियनांचं गाठोडं पाठवलंत.
३. सोयऱ्यांनी ते बनियन तिथल्या तिथं अंगात घातले.
४. बनियनांवर इंग्रजी मजकूर होता.
५. मी तो वाचला.
६. सोयरे रुसले. (मजकुराच्या अर्थामुळे नव्हे. खाली पाहा.)
७. लग्न अडलं आहे.

आता खुशाली. तुमचा खांदा कसा आहे? मामींचा खोकला? इथं आईचे गुडघे दुखतातच, अप्पा ठीक आहेत, आणि शोभानं काळजीनं जेवण सोडलं आहे. (शेंगदाण्याचे लाडू खाते. ते जेवणात धरायचे नाहीत असं तिचं म्हणणं.)

तुम्ही त्या नव्या मौजेच्या बागेत मोठ्या पाळण्याला ग्रीस लावता, आणि बागेच्या दुकानात आठवण म्हणून विकायचे बनियन तुम्हांला स्वस्तात मिळतात, हे आम्हांला ठाऊक होतं. सोबतच्या चिठ्ठीत ‘माल भारी आहे, सगळ्यांवर इंग्लिश आहे’ असं होतं. त्यामुळे मी गाठोडं सोडून पाहिलं नाही. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढते. दुसऱ्याचा नकाशा तपासल्याशिवाय पुढं पाठवत नाही. आहेराला हा नियम लागू केला नाही, कारण आहेर आधी उलगडला तर घरच्यांचीच नजर लागते, असं म्हणून आई त्या गाठोड्यावर बसून होती.

आपल्याकडची रीत तुम्ही मुंबईत राहून विसरला असाल. आहेर अंगाला लागल्याशिवाय पान वाढत नाहीत. टॉवेल-टोपीच्या बाबतीत ही रीत निरुपद्रवी आहे. पंचशील म्हणून झालं, अप्पांनी एकेकाच्या हातात बनियन दिला, आणि मंठाळहून आलेली सोयऱ्यांची सगळी वडीलधारी मंडळी धोतरावर बनियन चढवून भिंतीला टेकून ओळीनं बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि डावीकडून वाचत गेले.

नवरदेवाचे वडील तात्याराव यांच्या छातीवर ‘राइड मी ट्वाइस’ होतं. म्हणजे, माझ्यावर दोनदा बसा. त्यांचे धाकटे भाऊ किशनराव यांच्यावर ‘आय स्क्रीम लाउडर इन द डार्क’. म्हणजे, अंधारात मी जास्त जोरानं ओरडतो. नवरदेवाचे आजोबा पिराजीआबा यांना दोन्ही बाजूंनी माणसं धरून बसवतात. त्यांच्यावर ‘डोन्ट स्टॉप नाऊ’, म्हणजे आत्ता थांबू नका. पंचशीलातला तिसरा, व्यभिचारापासून दूर राहण्याचा नियम म्हणून झाल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

हा मजकूर अश्लील आहे का, यावर मी नीट विचार केला आहे. माझं मत असं: ही वाक्यं पाळण्याच्या तोंडची आहेत. पाळण्यावर लिहिली तर त्यांत काही गैर नाही; पाळण्यानं दोनदा बसा म्हणावं, तो त्याचा धंदा आहे. तीच वाक्यं माणसाच्या अंगावर आली की बोलणारा बदलतो. त्यातही कॉलेजातल्या मुलानं ती मुद्दाम घातली तर तो आगाऊपणा. पण पिराजीआबांनी आहेराचा मान राखायला घातली तर दोष आबांचा नाही, कापडाचा नाही, आणि वाचणाऱ्याचा आहे असं म्हणणंही बरोबर होणार नाही. म्हणून दोष पाठवणाऱ्याचा ठरतो. (तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हा निष्कर्ष आहे, राग नाही.)

तेवढ्यात तात्यारावांनी मलाच विचारलं, “पोरी, तू शिकलेली हायस. काय लिवलंय माझ्यावर?”

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, “पाळण्यात दोन वेळा बसावं, अशी शिफारस आहे.”

“आन् ह्याच्यावर?”

“अंधारात आवाज वाढतो, असं.”

“बरुबर हाय,” किशनरावांच्या बायकोनं आतून सांगितलं. “रात्रभर घोरतेत.”

इथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण तात्याराव भावाच्या छातीकडे पाहत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही, ओळी मोजता येतात. “त्याच्यावर दोन वळी, माझ्यावर येकच. कामून? थोरला मी हाय का त्यो?” अप्पा म्हणाले, “अण्णा, माप बघून दिलंय, मजकूर बघून न्हाई.” “व्हय, मापात बी कमीच धरलाव मला!” किशनराव या वेळी छाती फुगवून बसले होते, त्यामुळे दोन्ही ओळी लांबून दिसत होत्या. तात्याराव पोटभर जेवले. पण पान न खाता उठले, आणि बैलगाडीत चढताना सांगून गेले की लग्नाला अंगावर भावापेक्षा जास्त लिहिलेलं असेल तरच मंठाळहून निघीन. नवरदेव वडिलांशिवाय येणार नाही. लग्न २० मेला आहे.

आम्ही करून पाहिलेले उपाय असे. भावांनी बनियन बदलून घ्यावेत, असा निरोप धाडला. किशनराव आंघोळीलासुद्धा तो काढत नाहीत, असं उत्तर आलं. मग अप्पांनी सुचवलं की मी ड्रॉइंगच्या शाईनं तात्यारावांच्या वाक्यापुढं चार शब्द जोडावेत. मी कागदावर प्रयत्न केला. त्या वाक्याला पुढं काहीही जोडलं तरी ते जास्तच बिघडतं. ‘प्लीज’ जोडून पाहिलं. ते सर्वांत वाईट.

आणि मला ज्याची लाज वाटते, ती इथं कोणालाच वाटत नाही. आईला मी अर्थ स्पष्ट सांगितला. तिनं बनियनाची कड ताणून पाहिली, “कापड दणकट हाय,” म्हणाली, आणि उरलेला एक साडीवर घालून शेतात गेली. त्याच्यावर काय आहे ते मी पत्रात लिहिणार नाही. गावात अजून तो वाचणारं कोणी नाही, हा माझा आधार आहे. पण शाळेला परवा नवे मास्तर आले आहेत.

माझी मागणी अशी. तुमच्या पाळण्याजवळ सूचनांची पाटी असेलच: दांडी घट्ट धरा, पाळणा पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका, हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी बसू नये, वगैरे. ती संपूर्ण पाटी, इंग्रजीत, पुढून आणि मागून एका मोठ्या बनियनावर छापून घ्या. तात्यारावांच्या पाठीवर गरोदर स्त्रियांना मनाई असलेली मला चालेल. ओळी भरपूर होतील आणि भाऊ कितीही छाती फुगवोत, मागे पडतील. शोभाचं लग्न या बनियनावर आहे, तेव्हा छपाईआधी मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्या. ‘ओले असताना’ या शब्दांनी सुरू होणारी सूचना असल्यास गाळा.

बाकी सगळं तुम्ही आल्यावर बोलू; सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची भाची,
विशाखा

ता. क. आई सांगते, शेतातल्या बायकांसाठी आणखी चार लाल पाठव. मजकूर कोणताही. माझा विरोध नोंदवून हे लिहिते आहे.

ता. क. दुसरा. सोयऱ्यांपैकी एकानं मात्र मजकूर वाचला. किशनरावांचे चिरंजीव माणिक, औरादला टेलिफोन खात्यात आहेत. त्यांनी हातातला बनियन वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो उलटा करून घातला. (शिलाई आतूनही सरळ होती.) मग पिराजीआबांच्या अंगावर त्यांनी स्वतःचा टॉवेल नीट पसरला, तो पुन्हा घसरला, पुन्हा पसरला. मला हसू आवरलं नाही आणि तांब्या सांडला. ही सोयरीक तुम्हीच जुळवलीत, तेव्हा त्या घरातलं तुम्हांला माहीत असेल: त्यांचं कुठं ठरलं आहे का? मी नुसती माहिती म्हणून विचारते. लग्न मोडलं तर ते कमठाण्याला पुन्हा येण्याचं काही कारण उरत नाही, एवढंच.

बनियन मागून पार्सलनं आला तरी चालेल. या प्रश्नाचं उत्तर मात्र सोमवार, १४ मेच्या आत, माझ्या नावानं, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.