उभ्या गाडीचा आवाज

आई, परवा माझ्या धाकट्याने त्याच्या जुन्या विलायती गाडीसाठी कार्बोरेटरचे सुटे भाग मागवले. खुर्चीत बसून, फोनवर बोटं फिरवून. आठवड्याच्या आत पुडकं दारात हजर. आत कांड्या, पितळी चकत्या, स्प्रिंगा, सगळं आपापल्या पिशवीत नीट बांधलेलं. तो म्हणाला, "आई, हे बसवलं की गाडी उभी असताना बंद पडणार नाही." मी म्हटलं, "माहीत आहे मला." तो हसला. त्याला आपल्या गाडीची हकीकत सांगायला बसले आणि मध्येच थांबले, कारण ती सांगायला गेलं की दर वेळी बाबांची गोष्ट होऊन बसते. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो तो बाबांचा कान. म्हणून आज तुलाच लिहिते आहे.

बाबा अंधेरीच्या स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट. कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचे आवाज पकडायचे आणि घरी आले की शेजारच्या नळाची गळती त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायची. ती गाडी कुणा निर्मात्याने सिनेमासाठी आणलेली. दोन सीटांची, बिनछपराची, मलईच्या रंगाची. मग निर्माता बुडाला आणि गाडी स्टुडिओच्या मागच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या हवाली झाली. बाबांनी ती ढकलत घरी आणली तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "दोन माणसांची गाडी नि आपण तिघं. मी काय टपावर बसू? टपसुद्धा नाय हिला." पण रविवारी वर्सोव्याला जाताना पदर खोचून पुढे बसायचीस तूच, आणि मी सीटच्या मागच्या अरुंद फळीवर पाय दुमडून. गाडी आवडते असं तू एकदाही बोलली नाहीस. परत येताना मात्र लांबच्या रस्त्याने चला म्हणायचीस.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. रेडिओ लावला की डाव्या हाताने बंद करा म्हणून खुणावायचे. तू भरवलंस तर खायचे, नाही भरवलंस तर मागायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, कशात तरी जीव गुंतायला हवा यांचा, नाहीतर औषध काय करणार. गाडी खिडकीबाहेर बदामाच्या झाडाखाली पानं अंगावर घेत उभी. आणि एक दिवस काका आले ते बातमी घेऊन. स्टुडिओला एक गाडी हवी होती, मढच्या खडकांवरून समुद्रात ढकलायला. कुठल्याशा सिनेमाचा शेवट होता. "वहिनी, आता कोण चालवणार आहे ती? गंजून जायची. निदान पडद्यावर तरी दिसेल." काका वाईट नव्हते, आई, हे मी मुद्दाम लिहिते. बाबांना पाठीवर घेऊन टॅक्सीपर्यंत धावले होते ते काकाच.

स्टुडिओचा माणूस गाडी बघायला आला. खडकाच्या कडेपर्यंत ती स्वतःच्या दमाने गेली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काकांनी ती सुरू केली. रेस दिली की ओरडायची, पाय काढला की दोन-तीन उचक्या देऊन गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. आणि मग आतून धाडधाड आवाज आला. मी धावले. बाबा खाटेच्या कडेवर डावा हात आपटताहेत, तोंड खिडकीकडे वळवलेलं, डोळे लाल. काका हादरले. "बंद करतो, बंद करतो, त्रास होतोय त्याला." तू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आलीस, बाबांकडे नीट बघितलंस आणि सावकाश म्हणालीस, "त्रास नाय हो. त्या आवाजाचो राग इलो तेंका." मग बाहेर जाऊन त्या माणसाला सांगितलंस, दिवाळीनंतर या. तोवर गाडी जागेवर उभी राहून नीट चालली तर मिळणार नाही. नाही चालली तर घेऊन जा आणि खुशाल ढकला. काका तोंडात बोट घालून तुझ्याकडे बघत राहिले. मीसुद्धा.

मला वाटलं, हे नुसतं बोलणं. दुसऱ्या दिवशी तू गॅरेजवाल्याला घरी बोलावून आणलंस. त्याने कार्बोरेटर खोलून तुझ्यापुढे ठेवला. एका बारीक कांडीवर पितळेची चकती बसवलेली असते. चकती फिरते तशी हवा कमी-जास्त आत जाते. कांडी झिजलेली होती, तिच्या कडेने नको तेवढी हवा शिरत होती. गाडी पळताना ते जाणवत नाही, उभी राहिली की जीव जातो. असे दोन कार्बोरेटर, आणि दोघांचे हाल तेच. "विलायती माल आहे बाई, आता येत नाही. आयात बंद." तू कांडी बोटांत फिरवलीस आणि म्हणालीस, "म्हणजे आमच्या स्टोव्हसारखंच. हवा नि तेल यांचं जमलं नाही की भकभकतो." तो म्हणाला, हो, तसंच. त्यावर तू एवढंच विचारलंस, "ही कुठे मिळेल?"

कांडी रुमालात बांधून आपण हिंडलो. माझ्या सुट्टीच्या दिवशी दोघी, एरवी तू एकटीच, बाबांजवळ शेजारणीला बसवून. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तुला बघून लोक आधी विचारायचे, बाई, काय विकायचंय? एकाने झिजलेलीच कांडी घासूनपुसून चकचकीत करून पुढे केली. तू ती उजेडात धरलीस, नखाने चाचपलीस आणि परत त्याच्या हातात ठेवलीस. भांडण नाही, काही नाही. मला संताप आला होता. तू म्हणालीस, "चिडून काय कांडी मिळणार आहे?" शेवटी घाटकोपरला एका गुजराती म्हाताऱ्याच्या दुकानात, जुन्या देशी टॅक्सीच्या सामानात, तशाच जाडीच्या कांड्या निघाल्या. त्याने आपली कांडी शेजारी धरली आणि मान हलवली. "बेन, ये तो लंबी है." तुझा चेहरा असा उजळला की तो गोंधळला. "लांबच बरी. आखूड असती तर मी काय केलं असतं?" ब्लाउजचं कापड घेताना बोलावंस तशी बोललीस, आणि दोन कांड्या पिशवीत टाकल्यास.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एक लेथवाला होता. त्याने कामावरून मान वर न करता सांगितलं, "घरातल्या माणसाला पाठवा." तू म्हणालीस, "घरातलं माणूस मीच." मग तो थांबला. कांड्या कापायच्या, चकतीचे स्क्रू बसतील अशी भोकं पाडायची, कार्बोरेटरच्या झिजलेल्या भोकांत पितळेच्या नव्या बुशी, म्हणजे बारीक नळकांडी, बसवायच्या. तू घरून कागदावर ते काढून नेलं होतंस, गॅरेजवाल्याला विचारून विचारून. त्याने एक कांडी नीट केली. दुसरीचं भोक तिरकं गेलं. लेथ बंद करून त्याने ती कांडी तुझ्यापुढे ठेवली. मला रडू यायचं बाकी होतं, कारण दिवाळी तोंडावर आली होती आणि घाटकोपरच्या म्हाताऱ्याकडे तेवढ्या दोनच कांड्या होत्या. तू स्टुलावर बसलेली. पदराने कपाळ पुसलंस, म्हणालीस, "माझ्याही हातून कधी कधी मीठ जास्त पडतं हो. मी दुसरी आणते." तो म्हणाला, "आणा ताई, मी मशीन मोकळी ठेवतो." बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठून आणणार? "माका काय ठाऊक," तू म्हणालीस, "चल तर खरी." पुन्हा घाटकोपर. म्हाताऱ्याने त्याच्या मुलुंडच्या भावाकडे पाठवलं. भावाने माळ्यावरची खोकी आपल्यापुढे ओतली आणि आपण दोघी फरशीवर मांडी घालून ग्रीसमध्ये हात घालून बसलो. कांडी तुला सापडली. तू ती मला दाखवली नाहीस, नुसती मुठीत धरून डोळे मिटलेस. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू किती घाबरलेली होतीस.

सगळं बसवून झालं तरी गाडी नीट उभी राहीना. आता बंद पडत नव्हती, पण लंगडत होती, चढायची आणि उतरायची. गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढत नाहीत, ते कानानेच जुळवावं लागतं, आणि इथे रस्त्याचा एवढा गोंगाट. तू सगळ्यांना गाडी ढकलत खिडकीला अगदी चिकटवायला लावलीस आणि मागच्या अंगणातली झाडांना पाणी घालायची रबरी नळी ओढत आणलीस. एक टोक स्वतः कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलंस, दुसरं मला दिलंस. "ह्यांच्या कानाला लाव."

ते चित्र मला आजही दिसतं. सकाळचं ऊन आहे. बॉनेट उघडं आहे, काका हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलेत, तू नळी धरून उभी आहेस, हातांना कोपरापर्यंत काळं लागलंय. आत मी बाबांच्या डोक्याखाली दोन उशा देऊन नळी त्यांच्या कानाशी धरली आहे. ते डोळे मिटतात. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा इतका कामात असलेला मी पाहिला नव्हता. डावा हात वर येतो. पुढच्याचा स्क्रू थोडा उघडा. बोटं खाली, थोडा बंद. तू नळी मागच्या कार्बोरेटरकडे नेतेस. तळहात आडवा, थांबा. पुन्हा पुढचा. मी खिडकीतून ओरडून सांगते आहे, काका फिरवताहेत, आणि तू कुणालाही घाई करू देत नाहीस. इंजिनाचा आवाज हळूहळू बसत जातो, खाली येतो, आणि मग एका जागी स्थिर होतो. घुंई. गाडी नुसती उभी आहे आणि चालू आहे. बाबांनी डोळे उघडले, ओठ वाकडे हलले, आणि ते म्हणाले, "बस." जड, अर्धवट, पण बस. काकांनी स्क्रूड्रायव्हर टाकून दिला आणि बॉनेटवर डोकं टेकून रडायला लागले. तू रडली नाहीस. तू खिडकीशी आलीस आणि गजांतून विचारलंस, "आणि काय करूचा नाय ना?" बाबांनी मान हलवली. नाही.

दिवाळीनंतर स्टुडिओचा माणूस आला. तू त्याला चकल्या दिल्यास आणि गाडी उभ्याने चालू करून ऐकवलीस. तो बिचारा दुसरी गाडी शोधायला गेला. तुला चालवायला काकांनीच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी तू त्यांना फाटकाच्या खांबावर नेलंस. पण शिकलीस. बाबांना आपण उचलून शेजारी बसवायचो, आणि तू त्यांना वर्सोव्याला घेऊन जायचीस. कोळणी सुकी मासळी उलटीपालटी करता करता थांबून हात करायच्या. तिथे तू गाडी बंद करायची नाहीस. तशीच चालू ठेवून उभी करायचीस, कारण बाबांना ते ऐकायचं असायचं. शब्द त्यांना थोडेच परत आले. पाणी, चल, माझं नाव, आणि तुझं. तेवढ्यावर ते कितीतरी वर्षं जगले, आणि मला नाही वाटत की ते भिंतीकडे तोंड करून पुन्हा कधी झोपले.

बाबा गेल्यावर तू मला म्हणालीस, आता तू शीक. खूप मागे लागलीस. मी कधी ड्यूटीचं सांगितलं, कधी डोळ्यांचं, आणि शेवटी तू नाद सोडलास. तुला वाटलं, मी घाबरते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मला भीती वाटत नव्हती, आई. मी चालवायला लागले असते तर तू शेजारी बसली असतीस, आणि मला तुला चालवताना बघायचं होतं.